खुब्यातली रेघ

"एका बोटानं दाखव," डॉ. मुलाणी म्हणाल्या. "नेमकं कुठं दुखतंय?"

मी तपासणीच्या टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसले होते. बोट पुढं केलं आणि अडकले. आधी जांघेत टेकवलं, मग बाजूला सरकवलं, मग मागं नेलं. कुठंही टेकवलं तरी ते खरं वाटेना. शेवटी वैतागून मी अख्खा पंजाच कमरेच्या खाली बाजूनं धरला. अंगठा मागं, बोटं पुढं, भरलेला तांब्या पकडावा तसा.

"इथं. पण वर नाही, आत कुठंतरी."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. मला ते जरा विचित्रच वाटलं. माझं दुखतंय आणि ह्यांना आनंद कसला?

"हात हलवू नकोस," त्या म्हणाल्या. "तसाच राहू दे. हे बघ, स्नायू दुखावला की माणूस बोट ठेवून दाखवतो. सांधा आतून दुखत असला की बोट सापडत नाही, मग माणूस असा पंजा धरतो. कुणी शिकवलेलं नसतं, पण बरेच जण धरतात."

मी माझ्या पंजाकडं बघत राहिले. त्याला एवढं कळत होतं हे मला माहीत नव्हतं.

मी तेव्हा विशीत होते. साताऱ्यात मुलींच्या एका क्रीडा वसतिगृहात राहून लांब पल्ल्याच्या शर्यती पळत होते. आई-वडील माण तालुक्यात, तिथली कोरडी माळरानं पायांखाली घालूनच मी पळायला शिकलेली. आमचे प्रशिक्षक इंगवले सर फौजेतून निवृत्त होऊन आलेले. त्यांच्या हाताखाली मी जिल्ह्यात पहिली येऊ लागले होते, आणि त्या रविवारी क्रॉस कंट्रीच्या राज्य संघाची निवड चाचणी होती.

दुखणं पावसाळ्याच्या शेवटी सुरू झालं होतं. आधी फक्त घाट चढताना, मग सपाटीवरही, मग जिना उतरताना. सर म्हणाले, जांघ धरलीय. मिठाच्या पाण्यानं शेकलं, तेलानं चोळलं, पट्टी बांधली. दोन दिवस विश्रांती घेतली की बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पळायला लागलं की पुन्हा तेच. सरांच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की नवीन हाडांची डॉक्टर आलीय, खेळाडूंचं बघते. हाडांची डॉक्टर बाई असते हेच सरांना नवीन होतं, पण घेऊन आले. आत्ता ते पडद्यापलीकडं उभे होते. त्यांच्या बुटांची टोकं मला पडद्याखालून दिसत होती.

बाईंनी मला आडवं झोपवलं. उजवा गुडघा पोटाकडं वाकवला, आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून मांडी आत फिरवली. मी ओरडले.

"हेच का ते दुखणं?"

"हेच. अगदी हेच!" म्हणताना मलाही कोण आनंद झाला. इतके दिवस ते दुखणं पळतानाच यायचं आणि थांबलं की लपायचं. ह्या बाईंनी त्याला झोपल्या जागी बाहेर काढलं होतं.

"आता उभी राहा. डाव्या पायावर एक उडी मार."

मारली.

"आता उजव्या. हळू. एकच."

मी पाय उचलला आणि तशीच थांबले. उडी मारायचं माझ्या मनात होतं, पण अंग तयार होईना. बाई बघत होत्या.

"राहू दे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "उत्तर मिळालं मला."

टेबलावर त्यांनी प्लॅस्टिकचा एक सांधा ठेवला होता. कमरेच्या हाडात एक वाटी, वाटीत बसणारा एक गोळा, आणि गोळ्याला मांडीच्या लांब हाडाशी जोडणारी एक तिरकी, आखूड मान. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी गोळा वाटीत फिरवून बघितला. सगळ्या बाजूंनी फिरत होता, कुठं अडत नव्हता.

"हा खुबा. आपण सगळ्यालाच कंबर म्हणतो. पाठ दुखली तरी कंबर, हा दुखला तरी कंबर. आणि हा असा बिलंदर आहे की स्वतः बिघडतो आणि दुखतं जांघेत. कधी कधी तर गुडघ्यात. माणूस वर्षभर गुडघा शेकत बसतो."

"मग माझी जांघ धरलेली नाही?"

"मला तसं वाटत नाही. पण मला काय वाटतं ते आधी तपासून बघू या."

एक्स-रे त्याच दिवशी काढला. दुसऱ्या दिवशी सर आणि मी पुन्हा त्यांच्या समोर बसलो होतो. बाईंनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यात काही नाही," त्या म्हणाल्या.

सरांनी खुर्चीत पाठ टेकली. "मी म्हणालोच होतो. स्नायूच आहे. रविवारपर्यंत होईल मोकळा."

"सर, एक्स-रेमध्ये दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. हाडाला बारीक चीर गेली असेल तर पहिले काही आठवडे ती ह्यात दिसतच नाही. पडून-आपटून मोडतं तसं हे नव्हे. रोजच्या पळण्यानं हाड झिजतं, आणि विश्रांतीत भरून निघतं. भरून निघणं कमी पडलं की चीर जाते. एमआरआय करावा लागेल, पुण्याला."

"कधी?"

"मी फोन केलाय. सोमवारी वेळ मिळालीय."

"चाचणी रविवारी आहे, डॉक्टर."

"माहीत आहे मला."

सर पुढं झुकले. फौजेतल्या माणसासारखं त्यांनी सरळ विचारलं, "चीर आहे अशी तुमची खात्री आहे?"

"नाही."

मला वाटलं होतं त्या हो म्हणतील. डॉक्टर लोक नेहमी हो म्हणतात. 

"खात्री नाही, आणि तुम्ही पोरीची वर्षभराची मेहनत घालवायला सांगताय?"

"मी काय होऊ शकतं ते सांगते." बाईंनी तो प्लॅस्टिकचा सांधा उचलला आणि आखूड मानेवर नख ठेवलं. "चीर असलीच तर इथं असणार. ती घेऊन ही डोंगरातून पळाली आणि मान आरपार मोडली, तर ह्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग गोळा मरतो. विसाव्या वर्षी कृत्रिम सांधा बसवावा लागतो. आणि चीर नसलीच, तर हिची एक शर्यत वाया गेली. ह्याच्यापुढं मी काही सांगू शकत नाही."

सर माझ्याकडं वळले.

"वैजे, तू सांग. पळायचं तुला आहे. मी जबरदस्ती करणार नाही, ना हिकडून ना तिकडून."

वर्षभर मी त्याच रविवारसाठी उठत होते. डोळे मिटले की मला त्या मैदानातला शेवटचा चढ दिसायचा आणि चढावर माझ्या पुढं कुणीच नसायचं. पण त्या क्षणी माझी नजर बाईंच्या नखावर होती. माझ्या आत, बोट पोचत नाही अशा जागी, काहीतरी होतं किंवा नव्हतं. दोन महिने मी त्याच्यावर पळत होते आणि ते काय आहे असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आता पडला होता आणि जात नव्हता.

"मी नाही पळणार, सर," मी म्हटलं. "मला आधी बघायचंय."

सरांनी मला मागं बसवून स्कूटर वसतिगृहाकडं घेतली. एरवी गाडी चालवतानाही त्यांच्या सूचना चालू असायच्या. त्या दिवशी फाटकापाशी येईपर्यंत एक शब्द नाही. उतरल्यावर म्हणाले, "सोमवारी मी येतो पुण्याला. एकटी जाऊ नकोस."

रविवारी मी दोरीच्या अलीकडं उभी राहून बघितलं. माझी खोलीतली मैत्रीण कल्याणी मदने तिसरी आली आणि संघात गेली. मी तिला मिठी मारली, आणि मग शौचालयात जाऊन पोटभर रडले. तेव्हा मला एकच भीती होती. उद्या त्या यंत्रात काहीच सापडलं नाही तर?

सापडलं.

मंगळवारी बाईंनी मला एकटीलाच आत बोलावलं. फिल्मवर माझा खुबा होता. वाटी, गोळा, मान, अगदी त्या प्लॅस्टिकच्या सांध्यासारखा, फक्त माझा. मानेच्या खालच्या बाजूला धुक्यासारखा पांढरट डाग पसरला होता आणि त्या धुक्यात एक काळी, बारीक रेघ.

"ही?"

"ही. खालच्या बाजूला आहे आणि अर्ध्यापर्यंतही गेलेली नाही. नशीबवान आहेस. वरच्या बाजूला असती तर ऑपरेशन करून स्क्रू घालावे लागले असते. ही नुसती भार न देता भरून येईल. कुबड्या घ्यायच्या, उजवा पाय टेकायचा नाही."

मी त्या रेघेवरून नजर काढू शकत नव्हते. दुःख व्हायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आधी वाटलं ते समाधान. ती होती. मी खोटं दुखणं काढलं नव्हतं.

"आता मला एक सांग," बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तुझ्याइतकंच पळणाऱ्या किती मुली आहेत तिथं. चीर तुझ्याच हाडाला का गेली?"

"पाऊल वाकडं पडत असेल."

"बघितलं मी. सरळ पडतं. खातेस काय?"

मी सांगितलं. सकाळी अंडी आणि केळी, ती सर स्वतः आणायचे. दुपारी मेसचं जेवण. रात्री डाळ, भाकरी नाही.

"भाकरी का नाही?"

"चढावर अंग हलकं हवं. सगळ्याच जणी सोडतात."

"आणि पाळी? शेवटची कधी आली होती?"

मला हसूच आलं. खुब्याचं दुखणं घेऊन आलेल्या मुलीला हे विचारायचं काय कारण?

"ती केव्हाच बंद झालीय, मॅडम. वर्ष होऊन गेलं. बरंच झालं ना, शर्यतीच्या दिवशी कटकट नाही."

बाई हसल्या नाहीत. "पहिल्याच दिवशी विचारणार होते. पण पडद्यामागं तुझे सर उभे होते, तू खरं सांगितलं नसतंस." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "घरात धान्य कमी आलं तर आई काय करते? आधी सणाचं गोडधोड बंद. मग पाहुणेरावळे बंद. भिंतीला पोपडे आले तरी गिलावा पुढच्या वर्षी. चूल तेवढी चालू ठेवते. तुझं शरीर तसंच चाललंय. तू रोज पंधरा-वीस किलोमीटर पळतेस आणि त्याला पुरेल एवढं खात नाहीस. त्यानं आधी पाळी बंद केली. मग हाडांची डागडुजी थांबवली. पाळी बंद झाली ती कटकट गेली नव्हती, वैजयंता. ती पहिली सूचना होती. खुबा दुखला ती दुसरी."

बाहेर सर माझी वाट बघत बाकावर बसले होते.

"तुझ्या वसतिगृहात अशा आणखी कुणी आहेत का?" बाईंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. एका खोलीत झोपत होतो, एका ताटात जेवत होतो, पण हे कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कल्याणी खाटेवर बसून नडगीला मलम चोळत होती. मी कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि विचारलं. तिचा हात थांबला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझीपण बंद आहे."

तिनं मलमाची डबी बंद केली. "दीड वर्ष झालं. आईला सांगितलं नाही, उगं डोक्याला घोर. मला वाटायचं, आपण आता खऱ्या खेळाडू झालो म्हणून बंद झाली. मनात खूश होते मी."

"आणि ही नडगी कधीपासून दुखतीय?"

"ती दुखतेच गं. सगळ्यांचीच दुखते." मग तीच म्हणाली, "सगळ्यांची दुखते का?"

आम्ही दोघी उठलो. माझ्या कुबड्यांची टकटक व्हरांड्यातून ऐकू येत होती, त्यामुळं दार वाजवायची गरजच पडली नाही. पोरी आपणहून बाहेर डोकवायच्या. काय विचारायचं ठरवलं होतं ते पहिल्या दोन खोल्यांत अडखळत विचारलं, पुढं सरळ विचारू लागलो. एक लाजली, एक चिडली, एक रडायलाच लागली, कारण तिला वाटत होतं आपल्याला काहीतरी मोठा रोग झालाय. जवळपास निम्म्या जणींचं तेच निघालं. आणि त्यातल्या प्रत्येकीचं काही ना काही दुखत होतं. कुणाचं पाऊल, कुणाची नडगी, कुणाची माझ्यासारखी जांघ. प्रत्येकीला वाटत होतं, आपलं एकटीचंच आहे.

वसतिगृहात बाई प्रशिक्षक नव्हती. सांगायचं तर सरांनाच.

मी सकाळी मैदानावर गेले. सर चुन्यानं धावपट्टीच्या रेघा मारत होते. मी मान खाली घालून, शब्द टाळत, "ते महिन्याचं" असं म्हणत सगळं सांगितलं. सर माझ्याकडं न बघता ऐकत होते. त्यांचे कान लाल झाले.

"हे मला कशाला सांगतीस?" ते म्हणाले. "डॉक्टरबाईंना सांग."

"त्यांनीच सांगितलं. आम्ही कमी खातो म्हणून होतं हे."

"कमी खाता?" चुन्याचा डबा त्यांनी खाली ठेवला. "मी उपाशी ठेवलं का तुम्हाला? माझ्या हातानं अंडी आणतो मी. माझ्या पोरीला आणत नाही तेवढी तुम्हाला आणतो."

"तुम्ही ठेवलं नाही, सर. अंग हलकं पाहिजे असं तुम्ही म्हणायचात, आणि आम्ही रात्रीची भाकरी सोडली. तुम्हाला माहीत नव्हतं."

त्यांना माहीत नव्हतं हे खरंच होतं. ते तोंड फिरवून उभे राहिले. पलीकडं कल्याणी आणि बाकीच्या मुली आखडलेले पाय मोकळे करत होत्या, लंगडत, हसत. सर त्यांच्याकडं बघत होते.

"फौजेत आमची सगळी पुरुष माणसं," शेवटी ते म्हणाले. "पळवायचं कसं ते मी तिथं शिकलो. ह्याचं कुणी काही सांगितलंच नाही." मग जरा वेळानं, "कसं विचारू मी पोरींना? ह्या तोंडानं?"

मी कुबडीच्या टोकानं चुन्याचा डबा त्यांच्याकडं सरकवला.

ते त्या दिवशी दुपारी एकटेच डॉ. मुलाणींकडं गेले. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाईंनी नंतर एवढंच सांगितलं की तो प्लॅस्टिकचा सांधा सरांनी कितीतरी वेळ हातात फिरवला. दुसऱ्या दिवशी सराव सुरू व्हायच्या आधी त्यांनी आम्हाला गोलात बसवलं. स्वतः उभे राहिले, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत.

"आजपासून रात्री भाकरी खायची. दोन. मी मेसमध्ये येऊन बघणार." मग घसा खाकरला. नजर आमच्या डोक्यावरून पलीकडच्या डोंगरावर लावली. "आणि ज्यांची... ज्यांची पाळी बंद असंल त्यांनी लाजायचं नाही. डॉक्टरबाई शनिवारी इथं येणार हायत. त्यांना सांगायचं. मला सांगितलं तरी चालंल. मी काय तुम्हाला खाणार न्हाय."

कुणीही हसलं नाही. मग कल्याणीचा हात वर गेला. राज्य संघाचा नवा कोरा टी-शर्ट तिच्या अंगात होता. तिच्या मागोमाग आणखी एक हात, मग आणखी एक. सरांनी डोंगरावरची नजर खाली आणली आणि ते हात बघितले. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही.

कल्याणीच्या नडगीत चिरेची नुसती सुरुवात होती. बाईंनी तिला राष्ट्रीय स्पर्धेला जाऊ दिलं नाही. सरांनी हुज्जत घातली नाही. उलट तिच्या वडिलांची समजूत काढायला स्वतः एसटीनं तिच्या गावी जाऊन आले.

माझ्या कुबड्या संक्रांतीनंतर सुटल्या. मग चालणं, मग पाण्यात चालणं, मग एका मिनिटाचं पळणं. भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी आली, तूप आलं, दूध आलं. अंग भरलं तसं घड्याळातले सेकंद वाढतील अशी मला भीती होती, आणि पहिले काही महिने ते वाढलेही. राज्याच्या संघात मी पुढं दोनदा पळाले. देशाच्या संघापर्यंत काही पोचले नाही. पण तो खुबा अजून माझाच आहे, आणि शाळेतल्या पोरींना शिकवताना मी त्याच्यावर उड्या मारते.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या उन्हाळ्यातलं. सकाळचा सराव होता. सगळ्या जणी रांगेत उभ्या होत्या, शेजारच्या मैदानात मुलांचं व्हॉलीबॉल चाललं होतं, कुंपणाशी फिरायला आलेले म्हातारे थांबून बघत होते. मी सरांच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "सर, आज मी सावकाश पळते. पोटात दुखतंय."

"काय झालं? खुबा?"

"खुबा नाही." मी आणखी आवाज खाली घेतला. "पाळी आलीय. आज सकाळी. पहिल्यांदाच, त्याच्यानंतर."

सरांनी माझ्याकडं बघितलं. शिट्टी त्यांच्या तोंडातून पडून दोरीवर लोंबकळली. आणि मग, जन्मभर कवायतीचे हुकूम सोडलेल्या त्या आवाजात, मुलं, म्हातारे, अख्खं मैदान वळून बघेल एवढ्यांदा ते ओरडले,

"शाब्बास, वैजे!"